प्रश्नच चुकीचा निघाला तर मार्क कोणाचे जातात?

प्रवेश परीक्षेची उत्तरतालिका आली की दोन-चार दिवस माझा फोन काही थांबत नाही. एक जण विचारते, "सर, तो प्रश्न रद्द झाला म्हणते, आता आमच्या पोरीचे मार्क कटतीन का?" अन् दुसऱ्याचं नेमकं उलटं, "माह्या पोट्ट्यानं तर तो सोडूनच देला होता, त्याले फुकटचे भेटतीन का?" दोघांचंही विचारणं बरोबर आहे, पण दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते की प्रश्न रद्द करणं म्हणजे कोणाची तरी चूक झाकायचा प्रकार, नाहीतर कोणाच्या तरी पोराला वर ढकलायचा. चूक तर झालेली असतेच, ते मी नाकारत नाही, पण प्रश्न काढून टाकायचं कारण त्याच्यापेक्षा जरा खोल आहे अन् समजायला अवघड बिलकुल नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित-फिजिक्स शिकवतो, त्यामुळे उदाहरणं जरा त्याच बाजूची येतील, चालवून घ्या.

पहिले हे पहा की शाळेतला प्रश्न अन् प्रवेश परीक्षेतला प्रश्न याचं काम वेगळं असते. शाळेत मी विचारतो ते पोराला समजलं का नाही हे पाहायला, सगळ्याच पोरांना आलं तर मी खूशच. प्रवेश परीक्षेत तसं नाही, तिथे जागा थोड्या अन् पोरं लाखानं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचं एकच काम की ज्याला येते त्याला ज्याला येत नाही त्याच्या पुढे उभं करायचं. बस. आता जो प्रश्न हे काम करत नाही, म्हणजे येणारा अन् न येणारा दोघंही सारखेच सोडवतात किंवा सारखेच चुकतात, तो प्रश्न नुसता बिनकामाचा. पण जो प्रश्न येणाऱ्यालाच मागे टाकते अन् न येणाऱ्याला पुढे करते, तो बिनकामाचा नाही तर घातक, तो पेपरात ठेवला तर रांगच उलटी लागते. चुकीचा प्रश्न बहुतेक वेळा हेच करते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटते की प्रश्न चुकीचा म्हणजे सगळ्यांचंच सारखं नुकसान झालं, सोडून द्या. सारखं नाही होत ना बाप्पा, तेच तर सांगून राहिलो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे कॉलेजात जायला एसएटी नावाची परीक्षा असते, त्याच्या मे १९८२ च्या पेपरात एक प्रश्न आला होता. एक लहान वर्तुळ अन् एक मोठं, लहान्याची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेकडेनं गडगडत गडगडत एक पूर्ण चक्कर मारून जिथून निघालं तिथे परत आलं, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरलं? पर्याय होते दीड, ३, साडेचार, ६ अन् ९. परीक्षा घेणाऱ्या बोर्डाचं उत्तर होतं ३, कारण मोठ्याचा परीघ लहान्याच्या तिप्पट, तिप्पट रस्ता म्हणजे तीन फेरे, आपलं कोणतंही पोट्टं दहा सेकंदात हेच म्हणेल.

पण उत्तर ३ नाही. खिशातून एकाच मापाची दोन नाणी काढा अन् टेबलावर ठेवा, एक बोटानं दाबून धरा अन् दुसरं त्याच्या कडेनं न घसरू देता गडगडवत पूर्ण फिरवा. दोन्ही सारखी आहेत तर फिरणारं नाणं एकदाच फिरायला पाहिजे ना? छाप्याकडे लक्ष ठेवून फिरवा, अर्ध्या रस्त्यातच छापा एकदा सरळ होऊन जाते, पूर्ण चक्कर होईपर्यंत दोनदा. कारण काय, तर नाणं जे अंतर कापते ते त्याच्या मध्यबिंदूनं कापलेलं मोजावं लागते, अन् मध्यबिंदू ज्या गोलावर फिरते त्याची त्रिज्या दोन्ही त्रिज्यांची बेरीज असते. पेपरातल्या प्रश्नात मोठं ३ अन् लहान १, बेरीज ४, म्हणून उत्तर ४. अन् ४ हा पर्याय दिलेलाच नव्हता! (पृथ्वीचं पण असंच आहे बरं, वर्षाचे दिवस आपण ३६५ मोजतो पण ताऱ्यांच्या हिशेबानं पृथ्वी स्वतःभोवती ३६६ वेळा फिरलेली असते, तो एक जास्तीचा फेरा सूर्याभोवतीच्या चकरेतून येते. हे बारावीच्या पोरांना सांगितलं की दोन दिवस वर्गात नाणीच फिरत असतात.)

तर ही परीक्षा देणारे पोरं होते जवळपास तीन लाख, अन् त्यातल्या फक्त तिघांनी बोर्डाला लिहून कळवलं की तुमच्या पर्यायांत बरोबर उत्तरच नाही. बोर्डानं तपासलं, मान्य केलं, तो प्रश्न मोजणीतून काढला अन् सगळ्यांचे मार्क पुन्हा काढले. आता इथे विचार करा की नुकसान कोणाचं झालं होतं. ज्यानं सूत्र पाठ केलं अन् ३ वर टिक मारली त्याचं काहीच नाही, तो तर खूश होऊन पुढे गेला. ज्यानं खरंच डोळ्यासमोर वर्तुळ फिरवून पाहिलं, ४ काढलं, पर्यायात शोधलं, भेटलं नाही, पुन्हा केलं, पुन्हा ४ आलं, त्याचं नुकसान. म्हणजे प्रश्न जितका चुकीचा तितका तो हुशार पोराला जास्त अडकवते.

अन् अडकणं म्हणजे नुसते त्या प्रश्नाचे मार्क नाही. राज्याच्या इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न अन् ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाही. मेडिकलच्या नीटचं तर आता १८० प्रश्न अन् १८० मिनिटं असं झालं आहे. एका चुकीच्या प्रश्नावर पोरगं पाच मिनिटं घासत बसलं तर त्याचे पुढचे चार प्रश्न गेले, वरून डोकं फिरलं ते वेगळं. प्रश्न रद्द करून बोनस मार्क देता येतात, पण ती पाच मिनिटं परत देता येत नाहीत. म्हणून जे लोक म्हणतात की "चुकला तर चुकला, बोनस देल्ला ना, आता काहून बोंबलता", त्यांनी एकदा टायमर लावून पेपर सोडवून पाहावा.

चुका किती प्रकारच्या असतात हे सांगत बसलो तर दिवस जाईल, थोडक्यात सांगतो. पर्यायात उत्तरच नसणं, दोन पर्याय बरोबर असणं, आकडा किंवा चिन्ह छापताना इकडचं तिकडं होणं, आकृती अन् मजकूर जुळत नसणं, सिलॅबसच्या बाहेरचं विचारणं, मराठीत एक अन् इंग्रजीत दुसरंच छापलं जाणं. या शेवटच्या प्रकारात आपल्या मराठी मीडियमच्या पोरांनी एक नियम डोक्यात ठेवावा, नीटमध्ये भाषांतराचा वाद झाला तर इंग्रजीतला प्रश्न अंतिम धरतात, म्हणून मराठीतलं वाक्य विचित्र वाटलं की बाजूचं इंग्रजी वाचून घ्यायचं. अजून एक चूक असते जी चूक वाटतच नाही, ती म्हणजे एकच पर्याय बाकीच्यांपेक्षा लांबलचक अन् सावरून सावरून लिहिलेला, अशा वेळी पेपर काढणाऱ्यानं बरोबर उत्तर लिहायला जास्त मेहनत घेतलेली असते अन् क्लास लावलेल्या पोरांना ते बरोबर माहीत असते. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, तरी काही येत नसलेलं पोरगं मार्क घेऊन जाते.

आता खरी गंमत. प्रश्नात चूक आहे हे विषयातल्या माणसानं वाचल्याशिवाय पण कळू शकते, नुसत्या पोरांच्या उत्तरांवरून. हे मी माझ्या क्लासच्या टेस्टला करतो अन् कोणत्याही झेडपीच्या गुरुजीला कागद-पेनानं करता येते. पेपर तपासून झाले की एकूण मार्कांप्रमाणे गठ्ठा लावायचा, वरचे २७ टक्के वेगळे अन् खालचे २७ टक्के वेगळे (हा २७ चा आकडा ट्रुमन केली नावाच्या माणसानं १९३९ मध्ये गणित करून काढला होता, पाव भाग घेतला तरी आपलं काम भागते). मग एकेक प्रश्न घेऊन पाहायचं की वरच्या गठ्ठ्यात किती जणांना आला अन् खालच्यात किती जणांना. समजा वरच्या १०० पैकी ८० जणांना आला अन् खालच्या १०० पैकी ३० जणांना, तर फरक ५० टक्के, झकास प्रश्न. वरचे ९५ अन् खालचे ९३, तर सोपा प्रश्न, त्यानं कोणी वेगळं झालं नाही पण नुकसानही नाही. अन् समजा वरचे २० अन् खालचे ४५? म्हणजे हुशार पोरांना आला नाही अन् कच्च्यांना आला? इथे थांबायचं. असं कधीच आपोआप होत नाही, बहुतेक वेळा उत्तरतालिकाच चुकलेली असते. मग कोणता पर्याय कोणी निवडला हे पाहिलं की दिसते, वरच्या गठ्ठ्यातले बहुतेक क वर गेलेले असतात अन् तालिकेत ब लिहिलेलं असते.

मोठ्या परीक्षावाले हेच कंप्युटरवर लाखो पोरांच्या उत्तरांवर करतात, फक्त गणित जरा बारीक असते. हुशार पोरं मोठ्या संख्येनं एकाच "चुकीच्या" पर्यायावर गेले की तो प्रश्न तज्ज्ञांकडे परत जाते. आकडा एकटा निर्णय घेत नाही हे लक्षात ठेवा, कधी कधी प्रश्न खरंच बरोबर असते अन् सगळ्या क्लासवाल्यांनी मिळून पोरांना चुकीचं शिकवलेलं असते. हसू नका, होते असं.

अजून एक तपासणी आहे जी आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, तरी तो एका गटाच्या पोरांना विनाकारण अवघड जाते असं होऊ शकते. एसएटीतच एक जोडीचा प्रश्न खूप गाजला होता, धावणाऱ्याचं मॅरेथॉनशी जे नातं तेच कोणाचं कशाशी, अन् उत्तर होतं होडी वल्हवणाऱ्याचं होड्यांच्या शर्यतीशी. आता ज्यांच्या घरी होड्यांच्या शर्यती पाहायला जायची पद्धत त्यांना हे सहज येणार अन् बाकीच्यांनी काय करावं? विचारायची होती तर्कशक्ती, अन् मोजली गेली घरची श्रीमंती. आपल्याकडे बुद्धिमत्तेच्या पेपरात सरकत्या जिन्याचं गणित टाकलं तर तसंच होईल, उलट एकर-गुंठ्याचं टाकलं तर आमच्या वावरात फिरणाऱ्या पोट्ट्याला ४० गुंठ्यांचा एकर हे पाठ करावंच लागत नाही अन् नागपूरच्या फ्लॅटमधल्या पोराला बसून आठवावं लागते. दोन्हीकडून अन्याय.

हे पकडायची रीत साधी आहे पण एक अट आहे. नुसतं "खेड्यातल्या पोरांना हा प्रश्न कमी आला" एवढ्यानं प्रश्न वाईट ठरत नाही, कारण शाळेत फिजिक्सचा मास्तरच नसेल तर पोरांना कमी येणारच, तो दोष प्रश्नाचा नाही. म्हणून एकूण मार्क सारखे असलेले पोरं घ्यायचे, अर्धे गावचे अन् अर्धे शहरातले, म्हणजे दोघांची तयारी सारखी, अन् मग तो एक प्रश्न पाहायचा. सारख्या तयारीच्या पोरांतही गावचे त्याच प्रश्नात मागे पडत असले तर प्रश्नात काहीतरी पाणी मुरते. हे गणित मँटेल अन् हॅन्सेल या दोघांनी १९५९ मध्ये काढलं होतं, परीक्षांसाठी नाही बरं का, रोगांच्या अभ्यासासाठी, कॅन्सरचे पेशंट अन् धडधाकट माणसं यांची तुलना करायला. पुढे १९८० च्या दशकात ते परीक्षांना लावलं गेलं. आपल्या नवोदयच्या सहावीच्या परीक्षेत कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांसाठी असतात, तिथे तर ही तपासणी अन् तिचे आकडे दरवर्षी लोकांपुढे यायला पाहिजेत असं माझं मत आहे.

आता नीट २०२४ कडे येऊ, कारण तिथे जे झालं त्याच्यात गावातल्या पोरांचा संबंध थेट होता. फिजिक्सच्या एका प्रश्नात दोन विधानं होती. पहिलं, अणूत धन अन् ऋण प्रभार सारखे असतात म्हणून तो विद्युतदृष्ट्या उदासीन असते. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात अन् आपापला खास वर्णपट सोडतात. पहिलं बरोबर, त्यात वादच नाही. दुसरं चुकीचं, कारण सगळेच अणू स्थिर कुठे असतात, युरेनियम-रेडियम काय करतात मग? पण केंद्र सरकारच्या एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ते वाक्य जवळपास तसंच छापलेलं होतं. अन् जुनं पुस्तक कोणाकडे असते? ज्याला मोठ्या भावाचं भेटलं त्याच्याकडे, ज्यानं तालुक्याच्या स्टँडजवळून सेकंडहँड सेट उचलला त्याच्याकडे. तर नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेनं ठरवलं की "दोन्ही विधानं बरोबर" हा दुसरा पर्याय अन् "पहिलं बरोबर, दुसरं चूक" हा चौथा, दोन्ही बरोबर धरू.

हे ऐकायला दयाळू वाटते, पण पलीकडचा विचार करा. ज्या पोराला माहीत होतं की दोन पुस्तकांत दोन गोष्टी आहेत, त्यानं निगेटिव्हच्या (चुकलं तर एक मार्क कटते त्याच्या) भीतीनं प्रश्न सोडून दिला, त्याला शून्य. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जुलै २०२४ मध्ये कोर्टानं आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञ नेमून उत्तर कळवायला सांगितलं, अन् दुसऱ्याच दिवशी अहवाल आला की एकच पर्याय बरोबर आहे, चौथा. जवळपास ४ लाख २० हजार पोरांनी दुसरा पर्याय निवडला होता, त्यांचे ४ मार्क गेले अन् वरून १ निगेटिव्ह, असे ५. पैकीच्या पैकी ७२० वाले ६१ होते ते १७ उरले. एका प्रश्नानं!

मला विचाराल तर कोर्टानं बरोबर केलं, कारण विज्ञानाच्या पेपरात "जुन्या पुस्तकात होतं" हे काही अणूला माहीत नसते, अन् सूचनाही नवीन पुस्तकाप्रमाणे अभ्यास करायचीच होती. पण भावाचं पुस्तक वापरणाऱ्या पोट्ट्याचं मला वाईट वाटते, त्याची चूक काय होती? चूक होती तो प्रश्न पेपरात टाकणाऱ्याची, ज्यानं दोन आवृत्त्या उघडून पाहिल्या नाहीत. म्हणून वादाचा प्रश्न शोधायची खरी वेळ पेपर छापायच्या आधीची असते. नंतर जे काही करा, कोणीतरी मार खातेच.

"जे काही करा" म्हणजे काय काय करता येते ते आता पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. तीन पोरं घ्या. पहिल्यानं तालिकेप्रमाणे "बरोबर" टिक मारली, त्याला +४. दुसऱ्यानं सोडून दिला, ०. तिसऱ्यानं दुसरंच काही मारलं, -१. आता प्रश्न चुकीचा निघाला. एक रस्ता असा की प्रश्न काढूनच टाकायचा, तिघांनाही ०. दुसरा रस्ता असा की पेपरला बसलेल्या सगळ्यांना पूर्ण मार्क, तिघांनाही ४, नीट अन् देशभरच्या इंजिनिअरिंगच्या जेईईत एनटीएचा नियम हाच आहे, सोडवला असो का नसो. लोकांना वाटते हे दोन रस्ते एकदम वेगळे आहेत, एकात मार्क गेले अन् एकात भेटले. रांगेच्या हिशेबानं दोन्ही सारखेच आहेत. जिनिंगवर कापसाच्या गाड्या मोजायच्या काट्यात सगळ्यांच्याच गाडीला चार किलो जास्त दाखवलं किंवा सगळ्यांच्याच गाडीला चार किलो कमी, तरी कोणाचा कापूस जास्त अन् कोणाचा कमी हा क्रम तोच राहते. गडबड तेव्हा होते जेव्हा काटा काही गाड्यांनाच जास्त दाखवते. म्हणून "प्रश्न रद्द झाला, माझे मार्क कटले" असं नसते, तुमच्यासोबत सगळ्यांचेच कटले. फक्त पहिल्या पोराची जी चारची आघाडी होती ती गेली, पण ती आघाडी चुकीच्या प्रश्नावर कमावलेली होती, तिच्यावर हक्क तरी कसा सांगणार.

काटा काही गाड्यांनाच जास्त दाखवते तसा रस्ता तिसरा आहे, ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केला त्यांनाच मार्क. यात पहिल्याला अन् तिसऱ्याला ४-४ अन् दुसऱ्याला ०. हे बरोबर का चूक याच्यावर लोक आजही भांडतात. पंजाबच्या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या एका प्रकरणात २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की संदिग्ध प्रश्नांचे मार्क सरसकट सगळ्यांना देऊ नका, ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच द्या. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, उत्तर प्रदेशच्या मेडिकल प्रवेश परीक्षेवरून कानपूर विद्यापीठाचा खटला झाला होता, त्यात कोर्टानं सांगितलं होतं की प्रश्न संशयास्पद दिसला तर तो लवकरात लवकर पेपरातून वगळा अन् त्याला मार्कच ठेवू नका, अन् उत्तरतालिका ही बरोबरच आहे असं धरून चालायचं, जोपर्यंत ती ढळढळीत चुकीची आहे हे सिद्ध होत नाही. म्हणजे नुसतं "आमच्या सरांनी वेगळं शिकवलं" हे चालत नाही, वाचताबरोबर चूक दिसली पाहिजे. सीईटीत हा "प्रयत्न केला का" वाला वाद उरतच नाही, तिथे निगेटिव्हच नाही तर कोणता शहाणा प्रश्न सोडून येईल?

फक्त एका ठिकाणी पहिला अन् दुसरा रस्ता वेगळे पडतात, जिथे पासाची रेष आकड्यात ठरलेली असते. टीईटीचं, म्हणजे शिक्षक व्हायच्या पात्रता परीक्षेचं उदाहरण घ्या, प्रवेश परीक्षा नाही ती पण आपल्या इकडे डीएड करून बसलेल्यांची कमी नाही. १५० मार्क, ओपनला ६० टक्के म्हणजे ९० पाहिजेत. समजा दोन प्रश्न चुकीचे निघाले अन् एखाद्या मॅडमला उरलेल्या १४८ मध्ये ८८ पडले. सगळ्यांना दोन बोनस दिले तर ९०, पास. दोन प्रश्न काढून १४८ वर ६० टक्के धरले तर ८८.८ पाहिजेत, मॅडम नापास. तेच पेपर, तीच बाई, अन् निकाल वेगळा. अशा परीक्षेत मात्र "कसं रद्द केलं" हे नीट वाचायचं.

कधी कधी तर काढून टाकायलाही जागा राहत नाही. २०२५ च्या एमएचटी-सीईटीत २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. एक प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे २०० पैकी ४२ मार्क. आता हे ४२ सगळ्यांना वाटून टाकले किंवा काढून टाकले तर उरलेल्या २९ प्रश्नांवर गणित मोजायचं, अन् त्या २१ मध्ये अख्खेच्या अख्खे धडे गेलेले असू शकतात, मग ते मोजमाप बाकीच्या शिफ्टसारखं राहतच नाही. वरून २१ चुकीच्या प्रश्नांवर डोकं आपटलेल्या पोराचा उरलेला पेपर काय झाला असेल! त्यामुळे २७ हजारांवर पोरांची ५ मे ला पुन्हा परीक्षा घेतली. पोरांना त्रास झालाच, पुन्हा शहर, पुन्हा एसटी, पुन्हा मुक्काम, पण दुसरा प्रामाणिक उपाय नव्हता.

शिफ्टवरून आठवलं, दरवर्षी एक तक्रार येते की "दुसऱ्या शिफ्टवाल्यांना तीन बोनस भेटले, आम्हाले एकही नाही, त्यांचं पर्सेंटाइल वर गेलं." नाही जात. सीईटी अन् जेईई मेनमध्ये पर्सेंटाइल त्या-त्या शिफ्टच्या आतच काढतात, तुमच्या शिफ्टमधले किती टक्के पोरं तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत हे मोजून. शिफ्टमधल्या सगळ्यांनाच तीन प्रश्नांचे मार्क दिले तर तिथल्या रांगेत बोनस म्हणून कोणालाच फायदा नाही. नीटमध्ये एकच पेपर अन् सरळ मार्क, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मग एवढं सगळं होऊ द्यायचंच कशाला, प्रश्न आधी पोरांवर तपासून का नाही घेत? अमेरिकेत घेतात. एसएटीच्या पेपरात काही प्रश्न असे असतात ज्यांचे मार्क मोजतच नाहीत, पोराला माहीत नसते कोणते, अन् त्यांच्यावर जे आकडे येतात ते पाहून चांगले प्रश्न पुढच्या पेपरात घेतात. आपल्याकडे पेपर झाला की पूर्ण पेपर अन् उत्तरं बाहेर, अन् फुटायची भीती एवढी की पेपर काढताना जितके कमी डोळे तितकं बरं असं धोरण. कमी डोळे म्हणजे कमी तपासणी, हे आलंच. उघड करण्याला मात्र मी बिलकुल वाईट म्हणणार नाही, न्यूयॉर्क राज्यानं १९७९ मध्ये कायदा करून परीक्षावाल्यांना प्रश्न अन् उत्तरं दाखवायला भाग पाडलं तेव्हापासूनच तिकडच्या चुका धडाधड बाहेर यायला लागल्या. त्याच्या आधी चुका नव्हत्या असं थोडंच आहे, दिसत नव्हत्या.

राहिला आपल्या कामाचा भाग, आक्षेप घेणं. आपल्या गावातले पोरं हे करतच नाहीत. उत्तरतालिका मे-जूनमध्ये येते, तेव्हा घरात पेरणीची गडबड, आक्षेपाला मुदत दोन-तीन दिवसांची, अन् फी नीटला एका प्रश्नाचे २०० रुपये तर सीईटीला १,०००. हजार रुपयात कपाशीच्या बियाण्याची थैली येते, बाप कशाला देईल? त्यामुळे आक्षेप घेतात ते शहरातले मोठे क्लासवाले, अन् ज्या चुका त्यांच्या पोरांना नडल्या त्याच आधी दिसतात. मराठी पेपरातली गडबड त्यांच्या डोळ्यांना दिसणारच नाही, कारण तो पेपर त्यांच्याकडे कोणी देतच नाही.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही, आक्षेप मान्य झाला तर तो सगळ्यांनाच लागू होते, फी भरणाऱ्यालाच नाही. म्हणजे दहा पोरांनी दहा वेळा पैसे भरायची गरज नाही, दहा जणांनी मिळून वर्गणी करा अन् एकाच्या लॉगिनवरून टाका. टाकायच्या आधी रिस्पॉन्स शीट (आपण कोणती उत्तरं मारली त्याची प्रत) डाउनलोड करून ठेवा, लिंक बंद झाली की मग ऑनलाइनवाला पण काही करू शकत नाही. कंप्युटरवरच्या परीक्षेत पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येऊ शकते, म्हणून "दुसरा पर्याय" असं न पाहता प्रश्नाचा अन् पर्यायाचा आयडी नंबर तालिकेशी जुळवा, बरेच आक्षेप इथेच गळून पडतात. पुरावा म्हणून क्लासची नोट किंवा यूट्यूबचा स्क्रीनशॉट जोडू नका, नीट-जेईईला एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीचं पान अन् सीईटीला बालभारतीचं पान लावा, सोबत चार ओळींत गणित सोडवून दाखवा, अन् पान मोबाइलनं काढलं असलं तर पुस्तकाचं नाव, वर्ष अन् पान नंबर त्यात दिसला पाहिजे हे पाहूनच अपलोड करा.